मदत हवी आहे: कचऱ्याचं पाणी बागेत येतंय, माती गेली का?

बागवान_नाशिक: नाशिकजवळ दोन एकर द्राक्षबाग आहे. शेजारी कचऱ्याचा जुना ढीग. पावसाळ्यात तिथून चहासारखं काळपट पाणी झिरपतं, बांधावर तांबूस साय धरते. माती तपासली, तांबं फार जास्त आलं. बाग काढू का? लवकर सांगा, छाटणी तोंडावर आहे.

काळीमाती: विहीर ढिगाच्या वर की खाली? माती किती खोलीवरची घेतली? शिसं, कॅडमियम तपासलं का? नेहमीच्या माती परीक्षणात धातूंपैकी लोह, जस्त, मंगल (मँगनीज), तांबं एवढंच येतं.

द्राक्षकरी: बोर्डो (मोरचूद-चुन्याची फवारणी) किती वर्षं मारताय ते आधी सांगा. मोरचुदातलं तांबं पानांवरून खाली पडतं आणि वरच्या वितीतच साचतं. माझ्याही बागेत तांबं असंच वाढलंय, जवळपास कचरा नसताना.

सेंद्रिय_शेतकरी: गांडूळखत टाका. माझी जमीन तीन वर्षांत भुसभुशीत झाली.

काळीमाती: दादा, प्रश्न धातूंचा आहे. ती साय लोखंडाची, हवा लागली की गंजून बसते. आपली काळी माती चुनखडीची, शिसं वरच धरून ठेवते. ढीग ताजा असताना पाणी आंबट असतं, तेव्हा धातू जास्त सुटतात; जुन्या ढिगातून कमी.

विहीरवाला: धरून ठेवते म्हणून निर्धास्त राहू नका! उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी मातीला न शिवता थेट मुरमात उतरतं. खाली फुटका कातळ, पुढे विहीर. शिवाय सहा संयुजेचा क्रोमियम (क्रोमियम धातूचं विषारी रूप) अशा मातीत फारसा अडकत नाही.

काळीमाती: भेगांचं बरोबर, ते माझ्याकडून राहिलं.

बागवान_नाशिक: बोर्डो पंधरा वर्षं मारतोय. माती वरचीच, चार बोटं. विहीर ढिगाच्या खालच्या अंगाला. घरात तेच पाणी पितो, पोरंही. उकळून घेतो, टीडीएस मीटरवर ठीक दाखवतं.

विहीरवाला: उकळून धातू जात नाहीत, आणि टीडीएस मीटर विरघळलेलं सगळं मिळून मोजतं, शिसं वेगळं दाखवत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला शिसं ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ एवढीच मर्यादा आहे. पोरांचं पाणी आजच बदला, बागेचं नंतर बघू.

काळीमाती: विहिरीचं पाणी तपासायला प्रयोगशाळेतूनच आम्ल घातलेली प्लास्टिकची बाटली आणा, नाहीतर धातू बाटलीलाच चिकटतात. माती एक, दोन, तीन फुटांवरची वेगवेगळी घ्या. ढिगापासून लांबच्या कोपऱ्यातलीही घ्या, म्हणजे बोर्डोचं किती ते कळेल.

बागवान_नाशिक: टँकर सांगितला. बाटल्या आणायला निघतोय.