मदत हवी आहे: वडिलांचा टीव्ही बंद होत नाही, वाचायला काय देऊ?

सुरूर_फाटा

जरा लवकर उत्तरं द्या. शनिवारी सकाळी वाईला निघायचंय आणि शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं घ्यायची आहेत.

वडील, वय ७३. सकाळी सहाला बातम्या लागतात त्या रात्री अकरापर्यंत. तीच बातमी, तीच दृश्यं, तोच आरडाओरडा. आई स्वयंपाकघराचं दार लावून बसते. मी फोन केला तरी मागे तोच आवाज. सप्टेंबरमध्ये वाढदिवसाला तीन पुस्तकं दिली, तिन्ही अजून प्लास्टिकसकट टीव्हीच्या कपाटावर आहेत. हाच माणूस एकेकाळी भयंकर वाचायचा. आता विचारलं की "बघू नंतर". व्यसनच लागलंय म्हणा.

बजेट दोन हजार. बातम्या सोडून पुस्तकाकडे वळतील अशी पाच-सहा नावं हवीत. उपदेश नको, नावं द्या.

ग्रंथाली_नव्हे_ग्रंथवेडी

नावं देते, पण आधी माणूस तर कळू दे. पूर्वी काय वाचायचे? कादंबऱ्या, चरित्रं, धार्मिक? नोकरी काय होती? दिलेली तीन पुस्तकं कोणती? आपल्याला आवडलेली पुस्तकं आपण वडिलांना देतो आणि ती पडून राहतात, हे माझ्या घरी दोनदा झालंय.

खडकवासला

रिमोट लपवा. खरंच सांगतो. सासऱ्यांचं असंच होतं. आम्ही केबलचं रिचार्जच केलं नाही. चार दिवस चिडचिड झाली, पाचव्या दिवशी खुर्ची घेऊन अंगणात बसायला लागले. वाचन वगैरे पुढचं.

निवृत्त_बाई

त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या स्वतःच्या घरातला टीव्ही मुलांनी बंद पाडायचा? उद्या तुमच्या हातातला मोबाइल कुणी न विचारता काढून घेतला तर चालेल का? माणूस दिवसभर टीव्हीसमोर का बसतो ते आधी शोधा.

खडकवासला

बाई, फायदा झाला म्हणून सांगितलं. प्रत्येक घर वेगळं.

सुरूर_फाटा

अण्णा एसटीत होते. वाई आगारात वाहतूक नियंत्रक, २०१० ला निवृत्त. वाचन म्हणाल तर प्रवासवर्णनं आणि इतिहास. मे महिन्यातली वसंत व्याख्यानमाला कधी चुकवली नाही, यंदा मात्र गेले नाहीत. पेपरातलं शब्दकोडं रोज पेनने सोडवायचे, पेन्सिल कधी हातात घेतली नाही. पेपर अजून येतो, पण घडी न मोडता रद्दीत जातो. मी दिलेली पुस्तकं व्यवस्थापन आणि गुंतवणुकीची होती, ती चूक मान्य. आता नावं द्या.

ग्रंथाली_नव्हे_ग्रंथवेडी

मग पहिलं नाव 'माझा प्रवास', विष्णुभट गोडसे. वरसईचा गरीब भिक्षुक दान-दक्षिणेच्या आशेने उत्तरेत निघतो आणि १८५७ च्या धुमाळीत सापडतो. झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये. कुठे मुक्काम केला, काय खाल्लं, पैसे कसे लपवले, सगळं आहे. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा आणि मुक्काम सांभाळलेल्या माणसाला हे भावेल असं मला मनापासून वाटतं.

दुसरं 'बनगरवाडी'. लहान आहे, दोन-तीन बैठकांत संपतं. माणदेशातली धनगरांची वाडी आणि तिथे आलेला कोवळा मास्तर. तिसरं 'स्मृतिचित्रे'. हे आईंनाही द्या. एवढी तीन पुरे, सहा नावांचा ढीग नको.

मावळतीचा_मोर

अवांतर: दिवाळी नुकतीच झाली आहे, तर पुस्तकापेक्षा दिवाळी अंक द्या. एकेक लेख सुटा वाचता येतो. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपली परंपरा. किमती फार वाढल्या हे खरं, पण वाचनालयात वर्गणीत मिळतात.

पेठेतला_वाचक

अंक कसले, निम्मी पानं जाहिराती. आणि वाचनालयात नवे अंक हातात पडेपर्यंत शिमगा येतो.

मावळतीचा_मोर

सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. लहान गावांतून आजही जीव ओतून अंक निघतात.

नजर_मिरज

मी डोळे तपासण्याच्या कामात आहे, म्हणून वेगळं विचारतो. शब्दकोडं सोडवणं कधी थांबलं? एकदम बंद केलं की हळूहळू? चष्मा शेवटचा कधी बदलला? साखर आहे का?

सुरूर_फाटा

डोळ्यांचा काही प्रश्न नाही. टीव्ही व्यवस्थित दिसतो की.

नजर_मिरज

टीव्ही ऐकूही येतो. चित्र पुसट असलं तरी निवेदक सगळं बोलून सांगतो, पुस्तक सांगत नाही. टीव्हीपासून किती लांब बसतात? आवाज मोठा असतो असं तुम्हीच लिहिलंय. साखरेचं उत्तर राहिलं.

पूर्वाश्रमीचा_मुंबईकर

आणि नेमक्या कोणत्या बातम्या बघतात? राजकारण, क्रिकेट, गुन्हेगारी? आमचे काका बाजारभावासाठी चॅनेल लावून बसायचे. कांदा होता शेतात.

सुरूर_फाटा

युद्धाच्या. बहीण दोह्यात असते, जावई आणि नात तिथेच. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, २३ जूनच्या रात्री तिथल्या अमेरिकी तळावर इराणची क्षेपणास्त्रं आली, विमानांसाठी आकाश बंद झालं, तेव्हा अण्णा रात्रभर जागे होते. बहिणीचा फोन पहाटे लागला. ती सुखरूप आहे, आता पाच महिने होत आले. हे सांगायचं राहिलं, कारण तो विषय संपलाय असं मी धरून चाललो होतो.

साखर आहे, सोळा-सतरा वर्षं. गोळ्या नियमित घेतात.

मस्कतकर_भावे_नाही

मी शेजारच्या देशात आहे. दादा, तो विषय तुमच्यासाठी संपलाय, अण्णांसाठी नाही. त्या रात्री आमच्या इमारतीतल्या प्रत्येक मराठी घरात गावाकडून फोन येत होते आणि काहींना लाईन मिळत नव्हती. ज्याला फोन लागत नाही त्याच्याकडे त्या रात्री टीव्हीच असतो. मग उद्या पुन्हा काही झालं तर आपल्याला आधी कळावं म्हणून तो चालूच राहतो.

माझ्या आईसाठी मी एकच केलं. रोज भारतातल्या रात्री साडेआठला फोन. काम असो नसो, दोन मिनिटं का होईना. "आज जेवायला काय केलंस" एवढंच बोलतो. महिन्याभरात ती म्हणाली, तुझा फोन येतोच आहे, मग त्या बातम्या कशाला. बहिणीला सांगा. ठरलेल्या वेळेला फोन, आणि वेळ मोडायची नाही.

निवृत्त_बाई

हे सगळ्यात मोलाचं लिहिलंत.

बातम्या हव्याच असतील तर रेडिओ लावून द्या. आकाशवाणीच्या बातम्या दहा मिनिटांत संपतात, आणि संपल्या की माणूस उठतो.

शुद्ध_गावठी

डोळ्यांचं म्हणत असाल तर रोज सकाळी त्राटक, गुलाबपाण्याच्या पट्ट्या आणि गाजराचा रस. आजोबांचा चष्मा ऐंशीव्या वर्षी सुटला.

नजर_मिरज

नम्रपणे पण स्पष्ट सांगतो, सतरा वर्षं साखर असलेल्या माणसाला हा सल्ला देऊ नका. साखरेमुळे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. सुरुवातीला दुखत नाही, लाल होत नाही, कळतही नाही. मधल्या भागाला सूज आली की आधी बारीक अक्षरं जातात. रेघ वाकडी दिसते, शब्दातलं एखादं अक्षर गायब होतं. गेलेली नजर सगळी परत येत नाही, म्हणून साखरवाल्यांनी काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा असतो. नुसता चष्म्याचा नंबर काढणं वेगळं.

उतारवयात चष्मा सुटणं हे अनेकदा मोतीबिंदूचं लक्षण असतं. जवळचं तात्पुरतं बरं दिसतं, लांबचं बिघडत जातं.

शुद्ध_गावठी

मी अनुभव सांगितला. तपासणीला विरोध नाही.

सुरूर_फाटा

आत्ता आईशी बोललो. चष्मा कोविडच्या आधीचा. पडद्याची तपासणी कधीच केलेली नाही. खुर्ची गणपतीनंतर पुढे ओढली, आता टीव्हीपासून हातभर अंतरावर आहे. आईला वाटलं कानाला कमी येतंय.

मी रद्दीतले जुने पेपर काढून शब्दकोड्यांचे फोटो पाठवायला सांगितले. फेब्रुवारीतलं कोडं पूर्ण आहे, अक्षरं नेहमीसारखी, छापल्यासारखी. एप्रिलमधल्या कोड्यात अक्षरं चौकटीच्या रेघेवर चढली आहेत. मेच्या कोड्यात 'पारिजात' लिहिताना एक घर रिकामं सुटलंय आणि शेवटचा 'त' चौकटीच्या बाहेर, समासात आहे. त्यापुढे कोडी कोरी. म्हणजे जूनच्या बातम्यांच्या आधीच. दर पंधरा दिवसांनी घरी जातो मी, आणि हे मला दिसलं नाही.

ग्रंथाली_नव्हे_ग्रंथवेडी

स्वतःला बोल लावत बसू नका. कळलंय, आता तारीख घ्या. पुस्तकं पळून जात नाहीत.

श्रवणभक्त

तोवर ऑडिओबुक्स! स्टोरीटेलवर मराठीत भरपूर आहे. मोबाइल आणि छोटा स्पीकर, झालं काम. छापील पुस्तकाचा हट्ट सोडा, मी गेली चार वर्षं गाडी चालवताना ऐकतोय.

निवृत्त_बाई

तुम्ही आवडीने ऐकता. त्यांना आता "तुमचं वाचन संपलं, हे ऐका" असं वाटेल. आधी कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवावं. आमच्या यांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी रोज संध्याकाळी वीस मिनिटं वाचायचे. मध्येच थांबवून ते स्वतःचं काहीतरी सांगायचे. यंत्राला कुणी थांबवून गोष्ट सांगत नाही.

श्रवणभक्त

वाचायला माणूस घरात असेल तर प्रश्नच नाही. मुलगा पुण्यात, आई थकलेली. मग कोण वाचणार?

निवृत्त_बाई

फोनवरून वाचता येतं. शाळेतल्या मुलांना आम्ही वाचून दाखवलं तेही कोविडमध्ये फोनवरूनच.

पेठेतला_वाचक

वाईलाच राहतात तर भिलारला न्या. पसरणी घाट चढून पाचगणीच्या थोडं पुढे. २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरात बसून वाचता येतं. विश्वकोशाचं कार्यालयही वाईतच आहे. माहितीसाठी.

मावळतीचा_मोर

डोळ्यांचं चाललंय आणि तुम्ही सहल काढताय!

पेठेतला_वाचक

नंतरसाठी म्हणालो.

नजर_मिरज

तपासणीच्या दिवशी कुणीतरी सोबत हवंच. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर तीन-चार तास जवळचं दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही. काळा चष्मा न्या. गाडी चालवू देऊ नका. साखरेचे जुने रिपोर्ट, विशेषतः तीन महिन्यांच्या सरासरीचा, बरोबर ठेवा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी जिल्हा रुग्णालयात मोफतही होते, त्यामुळे खर्चाच्या भीतीने कुणी थांबू नये.

सुरूर_फाटा

मंगळवार. उशिरा लिहितोय, माफ करा.

शनिवारी गेलो, 'माझा प्रवास' घेऊन गेलो. सोमवारची रजा टाकली आणि अण्णांना साताऱ्याला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. डाव्या पडद्याच्या मध्यभागी साखरेमुळे सूज. आधी डोळ्यात इंजेक्शनं, महिन्याच्या अंतराने, मग मोतीबिंदू. डॉक्टरांनी चौकोनी जाळीचा कागद दाखवला तेव्हा अण्णा म्हणाले, मधल्या रेघा पाण्यात पडल्यासारख्या आहेत. किती दिवस असं दिसतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. अण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, "होळीपासून."

येताना गाडीत मी विचारलं, सांगितलं का नाही. बराच वेळ बोलले नाहीत. पाचवड गेल्यावर म्हणाले, "सांगितलं असतं तर पहिल्यांदा माझी स्कूटर काढून घेतली असती तुम्ही." खरं आहे, काढून घेतलीच असती. आता त्यांनी स्वतःच किल्ली आईकडे दिली आहे. रात्री व्याख्यान सुटल्यावर अंधारात परत यायची भीती वाटायची, म्हणून मे महिन्यात गेले नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

रविवारी रात्री मी वाचायला बसलो. गोडसे भटजी घरातून निघाले तिथवर आलो आणि अण्णांनी थांबवलं. त्या काळी घाट कसे उतरत असतील, खंबाटकीला बोगदा नव्हता तेव्हा पावसात गाड्या कशा अडकायच्या, एकदा अख्खी मुक्कामी गाडी त्यांनी पहाटेपर्यंत चहा पाजून कशी सांभाळली, सगळं आलं. चार पानंच झाली. टीव्ही त्या वेळात बंद होता, कुणी बंद केला ते लक्षात नाही. बहिणीने साडेआठची वेळ धरली आहे, काल दुसरा दिवस.

आता पुढची अडचण. शब्दकोडं सोडवायचंच म्हणतात. डॉक्टर म्हणाले वाचल्याने डोळा बिघडत नाही, पण अक्षर मोठं हवं. भिंग दिलं तर एका हातात भिंग, दुसऱ्यात पेन, पेपर घसरतो. काय करू?

खडकवासला

झेरॉक्स. पेपरातलं कोडं कापून ए-थ्री कागदावर दुप्पट मोठं करून घ्या. सूचनासुद्धा तशाच मोठ्या करा. आठवड्याची सात एकदम काढून ठेवायची. सासऱ्यांसाठी आम्ही आरत्या अशाच मोठ्या करून दिल्या होत्या.

नजर_मिरज

उत्तम. दिवा समोरून नको, खांद्यामागून, जरा बाजूने येऊ दे. आणि काळा जाड स्केचपेन द्या, निळं बॉलपेन नको.

सुरूर_फाटा

आईने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून आजचं करून आणलं. आत्ताच फोन आला. उभा सात नंबर अडलाय, चार अक्षरी, 'घाटमाथ्यावरचा वारा' अशी सूचना आहे. मला येत नाहीये. कुणाला येतोय का?