अस्वल परत आलं! पण क्लबचा बॅज बदलायचा हक्क नेमका कुणाचा?

रोखिब्लांको_पुणे (धागाकर्ता)

अ‍ॅटलेटिको माद्रिद या स्पेनमधल्या फुटबॉल क्लबच्या जर्सीवर जुना बॅज परत आला, तरी आमच्या मॅच बघणाऱ्या कंपूत त्यावरून अजून वाजतं. म्हटलं, इथे एकदाचं होऊन जाऊ द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४७ पासून चालत आलेल्या बॅजवर माद्रिद शहराचं चिन्ह आहे. झाडाला पंजे लावून उभं राहिलेलं अस्वल, सात तारे, सोबत लाल-पांढरे पट्टे. डिसेंबर २०१६ मध्ये क्लबने नवा बॅज दाखवला. त्यात अस्वलाचं तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं, हिरवं झाड निळं केलं, अस्वलही निळं, सगळं कसं सपाट. जुलै २०१७ मध्ये हे जर्सीवर आलं. आणि त्याच उन्हाळ्यात क्लबने मान्झानारेस नदीकाठचं कालदेरॉन स्टेडियम सोडलं. म्हणजे घरही गेलं आणि दारावरची पाटीही गेली, एकाच मोसमात.

लोक गप्प बसले नाहीत. शेवटी २०२३ मध्ये क्लबने सभासदांचं मतदान घेतलं आणि ८८.६८ टक्के मतं जुन्या बॅजला पडली. जुलै २०२४ पासून अस्वल पुन्हा जागेवर.

माझं मत सरळ आहे. बॅज, जर्सीचा रंग आणि क्लबचं नाव, या तीन गोष्टींना मतदानाशिवाय हात लावायचा नाही. एव्हर्टनने २०१३ मध्ये लॅटिन ब्रीदवाक्य उडवलं, वीस हजारांवर सह्या जमल्या, क्लबने माफी मागितली आणि पुढच्या मोसमासाठी लोकांनाच निवड करायला सांगितलं. जे माफी मागून करावं लागतं ते आधीच का करू नये?

---

झेब्रा_ठाणे

युव्हेंटसवाला आहे, त्यामुळे बोलणारच.

जानेवारी २०१७ मध्ये मिलानच्या एका म्युझियममध्ये झगमगाट करून आमचा नवा लोगो दाखवला. आमच्या तूरीन शहराचा बैल गेला, अंडाकृती ढाल गेली, राहिला नुसता ‘जे’. टिंगल किती झाली ते विचारू नका. क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष आंद्रेआ आन्येल्लींनी कुणालाही मत विचारलं नव्हतं. आणि आज? ठाण्यात टर्फवर खेळणारी पोरं तोच ‘जे’ छातीवर लावून फिरतात. ज्याने २०१८ ला रोनाल्डो आला म्हणून मॅच बघायला सुरुवात केली, त्याला बैल कुठला दाखवताय? त्याचा खरा बॅज हाच.

आणि तुमच्या त्या निळ्या अस्वलाने तुम्हाला काय कमी दिलं? २०१८ ची युरोपा लीग दिली. २०२०-२१ ची ला लीगा दिली. शेवटच्या सामन्यात सुआरेझने वायादोलिदवर गोल मारला तेव्हा बॅज बघून कुणी टीव्ही बंद केला होता का?

---

पेठेतला_गोली

झेब्राभाऊ, जिंकलं की सगळं चालतंय हे कार्डिफला जाऊन सांगा, मग कळंल.

२०१२ ला मालक व्हिन्सेंट टॅन यांनी निळी जर्सी लाल केली. बॅजवर हा एवढा ड्रॅगन बसवला आणि ब्लूबर्ड पक्षी खाली इवलासा. क्लबचं टोपणनावच ब्लूबर्ड्स आहे ओ! तर २०१३ ला संघ चॅम्पियनशिप, म्हणजे दुसऱ्या पायरीची लीग, जिंकला, ५१ वर्षांनी वरच्या लीगमध्ये गेला. एवढं मोठं काम झालं, पण लोक निळे मफलर घालूनच येत राहिले. जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आला, मागनं पक्षीही आला.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ खेळतात. जर्सीवर कुठल्या दुकानाचं, कुठल्या नेत्याचं नाव आहे ह्याचं कुणाला काय पडलेलं नसतंय. पण तालमीचं नाव काढून तिथं कंपनीचं घालतो म्हणा बघू. म्हणणारा गेटच्या बाहेर येतोय का ते सांगा.

---

झेब्रा_ठाणे

कार्डिफचा रंग बदलला होता, तो गुन्हा वेगळा. मी बॅजबद्दल बोलतोय.

---

पेठेतला_गोली

पक्षी बॅजवरच होता की.

---

गनर_अंधेरी

भावना वगैरे ठीक आहे, पण बॅज बदलण्यामागे कधीकधी पक्कं व्यवहारी कारण असतं, त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

आर्सेनलने २००२ मध्ये बॅज बदलला. जुन्यात गॉथिक अक्षरं, लॅटिन ब्रीदवाक्य, इस्लिंग्टनच्या नगरपालिकेचं चिन्ह, असं बरंच काही होतं. क्लबचं म्हणणं, इतक्या ठिकाणच्या गोष्टी त्यात आहेत की कॉपीराइट धड मिळत नाही. म्हणून सगळं पुसून नवी तोफ काढली, आणि डावीकडे बघणारी तोफ उजवीकडे वळवली. (तोफ काय, अस्वल काय, डिझायनरला तोंड फिरवल्याशिवाय चैन पडत नाही.)

ह्याच सुमारास एक खटला गाजला. क्लबच्या तेव्हाच्या हायबरी स्टेडियमबाहेर १९७० पासून मफलर-टोप्या विकणाऱ्या एका माणसाला क्लबने कोर्टात खेचलं. त्याच्या टपरीवर स्पष्ट पाटी होती की हा माल अधिकृत नाही. त्याचा बचाव ऐका: लोक हे अमुक कंपनीचा माल म्हणून घेत नाहीत, आपण कुणाच्या बाजूचे आहोत हे दाखवायला घेतात. लंडनच्या हायकोर्टाला हे पटलं. मग प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं, तिथे क्लबचं पारडं जड झालं. हायकोर्टाने तरीही फेरीवाल्याचीच बाजू घेतली, आणि शेवटी २००३ मध्ये अपील कोर्टात क्लब जिंकला.

तेव्हा धागाकर्ते, तुमचं प्रेम कितीही असो, कायद्याने बॅज हा ट्रेडमार्क आहे. ट्रेडमार्कवर मतदान घेत नाहीत.

---

रोखिब्लांको_पुणे

खटल्याची गोष्ट भारी सांगितलीत, पण ती माझ्याच बाजूची आहे. हायकोर्टाच्या न्यायाधीशालाही पटलं होतं की तो मफलर म्हणजे निष्ठेची खूण. मग ज्याची निष्ठा, त्याला विचारायला नको?

आणि कायद्याचंच म्हणाल तर इंग्लंडने २०२५ मध्ये फुटबॉलसाठी वेगळा कायदा केलाय. आता क्लबला बॅजमध्ये किंवा जर्सीच्या मुख्य रंगात मोठा बदल करायचा असेल, तर बहुसंख्य समर्थक सोबत आहेत ह्याची खातरजमा करावी लागते. ट्रेडमार्क क्लबचाच राहतो, मनमानी तेवढी थांबते. स्पेनमध्ये हेच हवंय.

---

पांढरा_गुलाब

लीड्सवाला हजर आहे, आणि मला तुमच्या त्या ‘विचारण्या’वरच शंका आहे.

जानेवारी २०१८. क्लबची शताब्दी पुढच्या वर्षी. नवा बॅज आला: एक बिनचेहऱ्याचा माणूस, उजवी मूठ डाव्या छातीवर आपटतोय. आमच्या स्टेडियममध्ये लोक खरंच तसा सलाम करतात, त्यामुळे कल्पना अगदीच हवेतली नव्हती. पण कागदावर उतरल्यावर ते छातीत जळजळ झाल्यावर घ्यायच्या औषधाची जाहिरात दिसायला लागलं. एका दिवसात पन्नास हजारांवर सह्या विरोधात. क्लबने माघार घेतली आणि शताब्दी जुन्याच बॅजवर साजरी झाली.

आता मुद्दा. क्लबने जाहीर सांगितलं होतं की आम्ही सहा महिने अभ्यास केला, १० हजार लोकांशी बोललो! विचारलं नाही असं नव्हतंच. पण काय विचारलं? ‘लीड्स म्हणजे तुमच्यासाठी काय’ असं विचारलं की कुणीही अभिमान, एकजूट, सलाम असंच सांगणार. त्यावरून चित्र काढून ‘हे तुम्हीच सांगितलं होतं’ म्हणून पुढे ठेवलं. विचारपूस झाल्याचा शिक्का क्लबला फुकटात मिळतो.

अजून एक, धागाकर्त्यांना कडू लागेल. ज्या बॅजसाठी आम्ही रान उठवलं तो १९९८ मधला आहे. त्याआधी घुबड होतं, मोर होता, सत्तरच्या दशकात ती हसऱ्या चेहऱ्यासारखी अक्षरं होती. वीस वर्षांच्या बॅजला आम्ही परंपरा म्हणालो.

---

झेब्रा_ठाणे

हेच! आणि १९४७ चं काय घेऊन बसलात? १९०३ मध्ये माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क पोरांनी बिलबाओच्या क्लबची शाखा म्हणून हा क्लब काढला. स्पेनमधली यादवी संपल्यावर १९३९ मध्ये तो हवाई दलाच्या संघात विलीन झाला, नाव झालं अ‍ॅथलेटिक अ‍ॅव्हिएसिऑन, बॅजवर पंख आले. परकी नावं नकोत असा फ्रँकोच्या राजवटीचा हुकूम निघाला म्हणून ‘अ‍ॅथलेटिक’चं ‘अ‍ॅटलेटिको’ झालं. १९४७ मध्ये हवाई दल बाजूला झालं आणि तुमचा लाडका बॅज आला.

ह्यातल्या एकाही वेळी मतदान झालं होतं का? हुकूमशहाच्या काळात ठरलेलं नाव आणि बॅज आज लोकशाहीच्या नावाने जपताय, गंमत आहे.

---

रोखिब्लांको_पुणे

इतिहास मलाही माहीत आहे. तेव्हा विचारलं नाही म्हणून आता विचारायचं नाही, हा कुठला न्याय? १९४७ पासून ७० वर्षं लोकांनी तो बॅज घेऊन दुसऱ्या डिव्हिजनमध्येही मॅच बघितल्या, २००० साली उतरलो तेव्हासुद्धा. त्या ७० वर्षांनी तो त्यांचा झाला. तुमच्या ‘जे’लाही ७० वर्षं होऊ द्या, मग तो काढायला कुणी आलं तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. (तोवर मी नसेन, पण तत्त्व म्हणून सांगतोय.)

---

केतकी_माद्रिदहून

मूळची डोंबिवलीची, इथे नोकरीमुळे. घर मेट्रोच्या सात नंबरच्या लाइनवर, त्यामुळे मॅचच्या दिवशी डबा लाल-पांढरा होतो आणि मला उभं राहून घरी जावं लागतं.

नवा बॅज असतानाची एक गोष्ट सांगते. स्टेडियमच्या आतल्या दुकानात सगळं निळं अस्वल. बाहेर आलात की रस्त्यावरच्या टपऱ्यांवर मफलर जुन्या बॅजचे. शेजारचे काका सामन्याला जाताना त्यांच्या मंडळाचा झेंडा नेत, इथे ‘पेन्या’ म्हणतात समर्थकांच्या मंडळांना. त्यावर बॅज जुनाच, एक दिवसही बदलला नाही. मतदान झालं तेव्हा काकांना निकालाची काही उत्सुकता नव्हती, त्यांच्या लेखी निकाल लागलेलाच होता. क्लब सहा वर्षं उशिरा पोचला इतकंच.

पण रोखिब्लांकोदादा, राग मानू नका, ह्या मतदानात तुम्ही कुठेच नव्हता. मत सभासदांना होतं. तुम्ही ज्या इंग्लंडच्या कायद्याचं कौतुक केलंत त्यातही इंग्लंड आणि वेल्समधल्या समर्थकांचाच पाठिंबा मोजायचाय. पुण्यात जागरण करून मॅच बघणारा त्यात नाही. आणि मला विचाराल तर ते बरोबरच आहे.

---

रोखिब्लांको_पुणे

म्हणजे जर्सी विकायची आम्हाला आणि मत मात्र नाही? क्लब दौरे काढतात आशियात, अकादम्या काढतात आशियात, प्रायोजक आणतात आशियातून. तेव्हा आम्ही ‘जागतिक कुटुंब’. बॅजची वेळ आली की आम्ही पाहुणे?

---

केतकी_माद्रिदहून

हो, पाहुणेच. ‘जगभरातल्या चाहत्यांना सोपं जावं’ हे कारण सांगूनच तर हे बदल होतात. तुमच्या नावाने बॅज बदलला, काकांच्या मताने परत आला. उद्या जगभरच्या चाहत्यांनी ॲपवरून मत द्यायचं ठरलं तर जिंकणार कोण? झेब्राभाऊंचा ‘जे’ जिंकेल.

---

झेब्रा_ठाणे

पहिल्यांदाच कुणीतरी माझा विजय मान्य केला. आभारी आहे.

---

हावड्याचा_पाटील

तुम्ही सगळे युरोपात अडकलात. नोकरीमुळे कोलकात्यात आहे, इथलं सांगतो.

मोहन बागान, स्थापना १८८९. १९११ च्या आयएफए शील्डच्या फायनलला एक सोडून सगळे अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवणारा क्लब. २०२० मध्ये संजीव गोएंकांच्या समूहाने ८० टक्के हिस्सा घेतला आणि क्लब झाला ‘एटीके मोहन बागान’. शिडाची होडी राहिली, हिरवा-मरून रंग राहिला, बॅजवर ‘एटीके’ ही तीन अक्षरं तेवढी वाढली. बाहेरच्याला वाटेल, तीन अक्षरांनी काय होतंय? पण हा एटीके तोवर इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) वेगळाच संघ होता, त्याच शहरातला. लोकांनी ‘रिमूव्ह एटीके’ म्हणून बॅनर लावले, मोर्चे काढले, सोशल मीडियावर उच्छाद मांडला. मतदान वगैरे काही नाही.

मार्च २०२३, फातोर्डा, गोवा. आयएसएलची फायनल, बेंगळुरूला पेनल्टीवर हरवलं आणि तिथल्या तिथे गोएंकांनी जाहीर केलं, एटीके जाणार. लोक नाचले. मग कळलं, नवीन नाव ‘मोहन बागान सुपर जायंट’.

पुणेकरांना हा शब्द ओळखीचा असेल. आयपीएलमध्ये २०१६ ला ह्याच गोएंकांच्या समूहाचे, तुमचे ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ होते, २०१७ ला शेवटचा ‘स’ गळाला, २०१८ ला संघच नव्हता.

तर केतकीताईंना प्रश्न: इथे मैदानावर जाणाऱ्यांनीच लढून तीन अक्षरं घालवली आणि बदल्यात दोन शब्द पदरात पडले. ह्याला जिंकणं म्हणायचं का?

---

पांढरा_गुलाब

अर्धं. मालकाकडे ८० टक्के असताना अर्धं मिळालं हेही पुष्कळ.

---

गनर_अंधेरी

ह्यावरून मला वाटतं कार्डिफ, मोहन बागान, लीड्स, सगळीकडे काम सह्यांनी आणि बॅनरनी झालं, मतपेटीने नाही. अ‍ॅटलेटिकोचं मतदानही सहा वर्षांच्या आरड्याओरड्यानंतर आलं. नियम केला तर क्लब तो पाळण्यापुरता पाळतील, लीड्सने १० हजार लोकांना विचारलं तसा. मला तरी मोकाट ओरडणारे समर्थक जास्त भरवशाचे वाटतात.

---

रोखिब्लांको_पुणे

ओरडणं रिकाम्या वेळेवर चालतं हो. कालदेरॉन सोडलं तेव्हाही लोक ओरडलेच होते, तिथे आता स्टेडियम उरलेलं नाही. नियम असता तर निदान आधी थांबावं लागलं असतं. मी माझ्या मतावर ठाम आहे. मला मत नसलं तरी चालेल, काकांना हवं.

---

पेठेतला_गोली

एक विषयाबाहेरचं विचारतो. धागाकर्त्यांकडं २०२०-२१ ची चॅम्पियन जर्सी असणार, निळ्या झाडाची. एवढा राग आहे तर विकताय का? एल साइज असली तर मी घेतो, रोख देतो.

---

रोखिब्लांको_पुणे

एल आहे. विकायची नाही.