वीज गेल्यावर प्रिंटर ‘ऑफलाइन’

वीज जाऊन आल्यापासून लॅपटॉपवर वायफाय प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो आणि छपाई होत नाही, असा हा प्रश्न आहे. ‘ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाका’ हा वर दोघांनी दिलेला सल्ला इथे कितपत लागू पडेल, शंका आहे. प्रश्न विचारणाऱ्या धागाकर्त्याने लिहिलंय की प्रिंटरवरचं बटण दाबलं की झेरॉक्स झकास निघते. म्हणजे शाई, हेड, रोलर सगळं ठणठणीत. बिघडलंय ते लॅपटॉप आणि प्रिंटरमधलं बोलणं, आणि तेही वीज जाऊन आल्यावर. वायफाय प्रिंटरला आयपी पत्ता (नेटवर्कवरची ओळख सांगणारा आकडा) राउटर देतो, तो कायमचा नसतो. राउटर बंद-चालू झाला की बऱ्याचदा नवा मिळतो, पण विंडोज जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतं.

आमच्याकडे पावसाळ्यात हे नेहमीचं. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क रिपोर्ट छापा, त्यावर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असतो. मग ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ उघडून तोच आहे का बघा. नसेल तर ‘अ‍ॅड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ निवडून नवा पत्ता घाला. त्याआधी रांगेत अडकलेली कामं मात्र रद्द करा, नाहीतर पत्ता जुळताच अडकलेल्या सगळ्या प्रती एका दमात बाहेर येतात (शाईचे भाव काय आहेत ते सांगायला नकोच). ती रद्द होत नसतील तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवून विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधल्या स्पूल फोल्डरातलं ‘प्रिंटर्स’ रिकामं करायचं आणि स्पूलर परत चालू करायचा. कायमचा इलाज हवा असेल तर राउटरच्या डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ठरलेला क्रमांक) टाकला की आयपी बदलत नाही.