कंपनीने लाचखोरीचं प्रकरण मिटवलं, आम्हा कर्मचाऱ्यांचं काय?

लेजरवाला_पुणे

आमच्या अमेरिकन मूळ कंपनीने भारतातल्या लाचप्रकरणी तिकडचं न्याय खातं आणि एसईसी (तिथला शेअर बाजार नियामक) यांच्याशी तडजोड केल्याची मेल आली. दंड भरला, झालं गेलं गंगेला मिळालं, असा एकूण सूर. ऑफिसात मात्र तीन तट पडलेत. काहींनी हुश्श केलं. काही 'चोर सोडून संन्याशाला फाशी' म्हणून चिडलेत, कारण बोनस कमी आणि वर सक्तीचं ट्रेनिंग. आणि प्रोजेक्ट-लायझनिंगवाले (सरकारी परवानग्या मिळवणारे) व्हॉट्सअ‍ॅप साफ करत बसलेत. मी अकाउंट्स पेयेबलला, म्हणजे बिलं चुकती करणाऱ्या विभागात आहे, त्या काळातली काही बिलं माझ्या लॉगिनने पास झालीत. कंपनीचं मिटलं म्हणजे आमचंही मिटलं का? चौकशीला बोलावलं तर काय करायचं? आणि लिंक्डइनवर काही लिहिलं तर चालतं का? जाणकारांनी सांगावं.

कलम_आठ

आधी ते व्हॉट्सअ‍ॅप थांबवा, आजच्या आज. 'लीगल होल्ड'ची (पुरावे जपून ठेवा अशा सूचनेची) मेल आली असेल तर डिसअपिअरिंग मेसेज बंद करायचे, फोन बदलायचा असेल तर आधी आयटीला सांगायचं. मेल आली नसेल तरी चौकशी माहीत असताना पुरावा पुसणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, इथेही आणि अमेरिकेतही. मूळ व्यवहारात ज्याचा काडीचा संबंध नाही असा माणूस नेमका यात अडकतो. शिवाय समोरच्याच्या फोनमध्ये ते मेसेज असतातच.

दुसरं, तडजोड कंपनीपुरती असते. डिफर्ड प्रॉसिक्युशन अ‍ॅग्रीमेंटमध्ये आरोप दाखल होतो, पण साधारण तीन वर्षं अटी पाळल्या तर मागे घेतात. त्या अटींतलीच एक म्हणजे संबंधित व्यक्तींविरुद्धच्या तपासात सहकार्य. थोडक्यात, कागद द्यायला कंपनी बांधील असते, तुम्हाला वाचवायला नाही.

भारतीय यंत्रणांना तर हा करार लागूच नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणंही कलम 8 खाली थेट गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच सूट. बहुतेकांना ही मुदत माहीतच नसते. कलम 9 कंपनीला, कलम 10 संमती देणाऱ्या वरिष्ठांना. व्यवहार 2018 च्या आधीचे असतील तर जुना कायदा लागतो, तो पैसे देणाऱ्याला मदतनीस म्हणून धरायचा. तारखा नीट बघा.

मांडवीकाठ

कलम_आठ यांच्याशी सहमत. याचं ठळक उदाहरण आमच्या गोव्यातच आहे. लुई बर्जर इंटरनॅशनल या अमेरिकी बांधकाम-सल्लागार कंपनीने 17 जुलै 2015 ला अमेरिकेत 1 कोटी 71 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कुवेत मिळून 39 लाख डॉलरची लाच, त्यात गोव्याच्या पाणीपुरवठा-मलनिस्सारण प्रकल्पाचा आकडा 9,76,630 डॉलर. कंपनीला तीन वर्षांचा करार मिळाला. दोन माजी अधिकाऱ्यांनी मात्र गुन्हा कबूल केला, त्यातल्या भारत-व्हिएतनाम सांभाळणाऱ्याला एक वर्ष एक दिवसाची कैद. आणि तिकडे मिटल्यावर इकडे सुरू झालं: गोवा क्राइम ब्रँचने गुन्हा नोंदवला, ऑगस्टमध्ये माजी मंत्र्याला अटक.

अकाउंट्सवाल्यांनी त्या प्रकरणातली लेबलं बघण्यासारखी आहेत: 'कमिटमेंट फी', 'मार्केटिंग फी', 'फील्ड ऑपरेशन एक्स्पेन्सेस', 'काउंटरपार्ट पर डिएम' (दैनिक भत्ता). लाच असं व्हाउचरवर कोणी लिहीत नाही. पुण्याचं म्हणाल तर कॉग्निझंटच्या 2019 च्या प्रकरणात (2.5 कोटी डॉलर, आरोप मान्य वा अमान्य न करता) एसईसीच्या आदेशात चेन्नईच्या कॅम्पसबरोबर पुण्यातल्या बांधकामाच्या पर्यावरण मंजुरीचाही उल्लेख आहे. चेन्नईची पद्धत अशी की पैसे कंत्राटदाराने द्यायचे आणि कंपनीने चेंज ऑर्डरच्या (वाढीव कामाच्या) बिलांतून त्याला भरून द्यायचे. बिल खरं, कंत्राटदार खरा, काम तेवढं खोटं. थ्री-वे मॅचमध्ये (ऑर्डर, पावती आणि बिल ताडून बघण्यात) हे सापडत नाही, कारण सेवेच्या पीओला (खरेदी ऑर्डरला) मालाची पावती नसते, फक्त कोणीतरी सही केलेली सर्व्हिस एंट्री शीट (काम झाल्याची नोंद) असते.

म्हणून तुमचा प्रश्न 'माझ्या लॉगिनने पास झालं' एवढाच नाही. ती शीट कोणी मंजूर केली, रक्कम अधिकार-मर्यादेच्या तक्त्यात बसत होती का, वर्कफ्लो तुमच्याकडे आला तेव्हा आधीच्या मंजुऱ्या पडलेल्या होत्या का, हे सिस्टिमच्या लॉगमध्ये तारीख-वेळेसकट असतं. तेच तुमचं चिलखत. फक्त सुट्टीवर जाताना पासवर्ड शेजारच्या टेबलावर देऊन जायची जी आपल्याकडे सर्रास रीत आहे, ती असेल तर चिलखताला भोक पडलंच. तारखा हजेरीशी ताडून बघा.

तिसरा_डोळा

एवढं घाबरायचं काय? ट्रम्पनी एफसीपीए, म्हणजे परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचा अमेरिकी कायदा, गुंडाळलाय ना? कॉग्निझंटच्या दोन माजी अधिकाऱ्यांवरचा खटलाही 2025 च्या एप्रिलमध्ये मागे घेतला.

कलम_आठ

गुंडाळला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये 180 दिवसांची स्थगिती होती, जूनमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, कायदा जागेवर आहे. कॉग्निझंट प्रकरणातली चेन्नईतली फिर्याद तर स्वतंत्रच आहे. आणि 'चहापाणी'वाल्यांसाठी: नेहमीचं काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या किरकोळ पैशाला एफसीपीएत अपवाद आहे, आपल्या कायद्यात नाही.

चौकशीचं. मुलाखत घेणारे वकील सुरुवातीलाच सांगतात की ते कंपनीचे वकील आहेत, तुमचे नाहीत; गोपनीयतेचा हक्क कंपनीचा, आणि तो ती केव्हाही सोडू शकते. याला अपजॉन वॉर्निंग म्हणतात. ते औपचारिकता म्हणून झरझर वाचतात, तुम्ही सावकाश ऐका. लगेच विचारा: मला माझा वकील आणता येईल का, आणि त्याचा खर्च कंपनी देईल का? उत्तर लेखी घ्या. कागद समोर ठेवल्याशिवाय तारीख, रक्कम सांगू नका. 'साधारण', 'बहुतेक' करत दिलेलं उत्तर नंतर टिपणात ठाम विधान होऊन बसतं. आठवत नसेल तर 'आठवत नाही'. आणि कृपा करून बिलांच्या पीडीएफ स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, नोकरी जायला तेवढं कारण पुरतं.

लिंक्डइन: कंपनीने मान्य केलेल्या तथ्यांना छेद देणारं विधान तिच्या वतीने कोणी केलं तर करार मोडल्यात जमा. कंपनीला ते जाहीरपणे फेटाळायला पाच कामकाजाचे दिवस मिळतात. तुमच्यासारख्याच्या वैयक्तिक पोस्टला हे सहसा लागत नाही, पण रीजनल हेडने 'आमच्या टीमने काहीच केलं नव्हतं' लिहिलं तर धावपळ होते. उलट एसईसीकडे थेट तक्रार करण्यापासून कंपनी तुम्हाला रोखू शकत नाही, एनडीए (गोपनीयतेचा करार) असला तरी.

लेजरवाला_पुणे

धन्यवाद. पासवर्डचं तपासतो. एक राहिलं: लायझनिंग एजंटांची सगळी बिलं अडकवून ठेवलीत आणि ते रोज मला फोन करताहेत. काय सांगू?

मांडवीकाठ

फोनवर काहीच नाही. 'पडताळणी सुरू आहे, खरेदी विभागाला लिहा' एवढी एक ओळ मेलने. एजंटाकडून करार, केलेल्या कामाचा पुरावा, सरकारी शुल्काची मूळ चलनं आणि उपकंत्राटदारांची नावं मागवायला खरेदीला सांगा. चलन आणि बिल यांतला फरक जिथे 'इतर खर्च' म्हणून दिसेल तिथे तुम्ही थांबायचं आणि कंप्लायन्सकडे लेखी पाठवायचं. 'निम्मं तरी सोडा' म्हणतील, सोडू नका. अर्धवट सोडलेल्या बिलाचा अर्थ नंतर तुम्ही ते तपासून मान्य केलंत असाच लावतात.