पझलचे तुकडे एकमेकांत अडकतात, ब्लेडं तुटतात: यंत्र चुकतंय की हात?

हत्तीघर

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी स्क्रोल सॉ घेतला, म्हणजे उभं बारीक ब्लेड वर-खाली हलवून लाकडात नक्षी कापणारं यंत्र. सुरुवातीला ४ मिमी प्लायमध्ये नावं, पानं, साधी जाळी असं कापलं आणि ते बरं जमलं. आता लेकीसाठी हत्तीचं उभं राहणारं पझल करतोय. हत्तीण आणि तिच्या पोटाखाली पिल्लू, एकूण ९ तुकडे, लाकूड १८ मिमी जाड. इथे मात्र सगळंच बिघडलंय.

पिल्लू खालच्या बाजूने सहज निघतं, वरून काढायला गेलं की अर्ध्यात अडकतं. सोंडेच्या वेटोळ्याचा तुकडा तर कुठूनच हलत नाही, ठोकून काढताना टोकच तुटलं. सरळ रेषा कापताना ब्लेड सारखं उजवीकडे सरकतं. खालच्या बाजूला ढलप्या निघतात. आणि या एका पझलमध्ये ७ ब्लेडं तुटली, बहुतेक सगळी वरच्या क्लॅम्पजवळ, म्हणजे ब्लेडचं टोक पकडणाऱ्या जबड्याजवळ.

ब्लेड ५ नंबरचं, साधं, टोकांना आडवी पिन नसलेलं. टेबलाचा तिरकेपणा दाखवणारा काटा शून्यावर आहे. वेग पूर्ण ठेवतो. माझा हात अजून बसलेला नाही हे कळतं, पण सगळा दोष हाताचाच आहे का? पुढची फळी कापायला घेण्याआधी समजून घ्यायचंय.

पाचरखुंटी

आधी ताण बघा. नवशिक्यांची दहातली नऊ ब्लेडं सैल असतात. यंत्र बंद करा, प्लग काढा आणि ब्लेड बोटाने तारेसारखं छेडा. स्वच्छ, उंच सूर आला पाहिजे. ‘थड’ असा आवाज आला तर ते सैल आहे. बाजूने बोटाने दाबल्यावर साधारण ३ मिमीपेक्षा जास्त झुकायला नको.

आणि नव्या ब्लेडला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. त्यामुळे ते क्लॅम्पमधून घसरतं आणि ताण ठेवला तरी दोन मिनिटांत उतरतो. दोन्ही टोकं बारीक पॉलिश पेपरवर एकदा घासून मग लावा. क्लॅम्पचे जबडेही पुसून घ्या.

जाळीवाली

तुम्ही लिहिलेल्या दोन वाक्यांतच उत्तर आहे. पिल्लू एका बाजूने निघतं आणि सोंड कुठूनच निघत नाही. हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. मी अकरा वर्षं हेच काम करतेय, त्यातली पहिली दोन वर्षं हे दोन्ही दोष एकच समजून नुसती ब्लेडं बदलत राहिले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिल्लाचं आधी. तुकडा एकाच बाजूने निघतो याचा अर्थ त्याच्या कडा उभ्या नाहीत, बाटलीच्या बुचासारख्या उतरत्या आहेत. म्हणजे टेबल ब्लेडशी काटकोनात नाही. काटा शून्यावर आहे म्हणता, पण त्या काट्यावर विसंबू नका. तो एका बारीक स्क्रूवर बसवलेला असतो आणि यंत्र उचलताना किंवा टेबल तिरकं करून परत आणताना सहज हलतो. ४ मिमी प्लायमध्ये एखाद्या अंशाचा फरक डोळ्याला दिसत नाही. १८ मिमीत तोच फरक तुकडा अडकवतो.

तपासायची माझी पद्धत अशी. जाड टाकाऊ लाकूड घ्या, निदान ४० मिमीचं तरी. समोरून ५-६ मिमी लांबीची छोटी खाच पाडा आणि यंत्र थांबवा. आता लाकूड टेबलावरच अर्धं फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूला आणा आणि तीच खाच मागून ब्लेडवर सरकवून बघा. टेबल काटकोनात असेल तर ब्लेड खाचेत अलगद शिरतं. नसेल तर वर शिरतं आणि खाली अडतं, किंवा उलट. लाकूड फिरवल्यामुळे चूक दुप्पट होऊन समोर येते, म्हणून ही पद्धत काटकोन तपासायच्या गुण्यापेक्षाही मला खात्रीची वाटते. गुण्या वापरायचाच तर लहान घ्या. ब्लेडला पूर्ण ताण देऊनच लावा आणि मागे दिवा धरून फट बघा. टेबल बरोबर झालं की काट्याचा स्क्रू सैल करून काटाही शून्यावर आणून ठेवा.

एक गोष्ट यातच बघून घ्या. प्लग काढून ब्लेड धरणारा वरचा दांडा हाताने सावकाश वर-खाली करा. ब्लेड थोडं पुढे-मागे हललं तर चालतं, पुष्कळ यंत्रांची रचनाच तशी असते. पण डावी-उजवीकडे हलत असेल तर वरचा आणि खालचा क्लॅम्प एका रेषेत नाहीत. मग ब्लेड प्रत्येक फेऱ्याला क्लॅम्पच्या तोंडाशी वाकतं आणि तिथेच थकून तुटतं. तुमची ब्लेडं वरच्या क्लॅम्पजवळ तुटतात म्हणून मला हा संशय आहे. ब्लेड लावताना ते क्लॅम्पमध्ये तिरकं बसत असेल तरी हेच होतं.

आता सोंड. इथे मात्र हाताचा भाग आहे. तुम्ही लाकूड पुढे रेटलं की ब्लेडची दोन टोकं जागेवर राहतात आणि मधला भाग मागे वाकतो. सरळ रेषेत याचा पत्ता लागत नाही, कारण मधला भाग मागे असला तरी त्याच रेषेवरून येतो. वळणावर तसं होत नाही. वरची आणि खालची कड वळून गेलेली असते, मधला भाग अजून मागच्या वाटेवर असतो आणि तो आतून वळण कापतो. कडेचा मध्य फुगीर किंवा खोलगट होतो. असा तुकडा वरूनही निघत नाही आणि खालूनही नाही. तुटलेल्या सोंडेच्या कडेला पट्टी उभी लावून बघा, मध्ये फट किंवा फुगवटा दिसेल.

यावर ताण हा पहिला उपाय, तो वर पाचरखुंटींनी सांगितलाच आहे. दुसरा उपाय ब्लेडचा नंबर. ५ नंबरने १८ मिमी कापता येतं, पण जाड लाकडात वळण घ्यायचं तर मी ७ घेते. ते पातं रुंद आणि जाड असतं, त्यामुळे कमी वाकतं. बारीक ब्लेडनेच वळण नीट येतं असं वाटतं, पण एवढ्या जाडीत वाकणारं ब्लेड वळण बिघडवतं.

तिसरा उपाय सांगायला सोपा आणि अंगवळणी पडायला सगळ्यात कठीण: रेटू नका. ब्लेड वर-खाली होतं, त्याला कापायला वेळ लागतो. तुमचं काम लाकूड दिशेला धरून ठेवण्याचं आहे. वळणाच्या टोकाशी आलात की पुढे जाणं जवळजवळ थांबवा आणि लाकूड ब्लेडभोवती फिरू द्या. मी वळणाआधी अर्धा सेकंद थांबते. तेवढ्यात मागे वाकलेलं ब्लेड सरळ होतं, मग वळते. या अर्ध्या सेकंदाने माझं काम जेवढं सुधारलं तेवढं कोणत्याही महाग ब्लेडने सुधारलं नाही.

उजवीकडे सरकण्याची काळजी करू नका. ती ना यंत्राची चूक, ना तुमची. या ब्लेडचे दात पाडताना एका बाजूला अगदी बारीक खरबरीत कड राहते, त्या बाजूने ते जास्त कापतं. टाकाऊ फळीवर सरळ रेघ ओढा आणि ती धरून कापता कापता लाकूड किंचित तिरकं करत जा. एका कोनात ब्लेड रेघेवरून चालायला लागेल. साधारण तीन ते पाच अंश. तोच तुमचा ‘सरळ’. म्हणूनच स्क्रोल सॉला कडेची सरळ पट्टी लावून कापायला गेलं की फसतं. घासून धार केलेली ब्लेडं मिळतात, त्यांत हे कमी असतं.

पाचरखुंटी

ढलप्यांचं राहिलं. खालचे काही दात उलटे असलेलं ब्लेड घ्या. ते वर येताना खालची कड स्वच्छ करतं. लावताना दांडा सगळ्यात वर असताना दोन-तीनच उलटे दात टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. जास्त दिसले तर प्रत्येक फेऱ्याला लाकूड उचलून आपटतं, कमी दिसले तर उपयोग नाही. तोटा एवढाच की भुसा वर येतो आणि रेघ झाकतो, त्यामुळे भुसा उडवणारी फुंकणीची नळी नीट रोखा.

दुसरं, ३ मिमी प्लायचा तुकडा घ्या, त्याला मधोमध २ मिमीचं भोक पाडा, ब्लेड त्यातून ओवा आणि प्लाय टेबलावर चिकटपट्टीने घट्ट बसवा. टेबलाचं मोठं भोक झाकलं जातं आणि लाकडाला अगदी ब्लेडपर्यंत आधार मिळतो.

आणि फळी टेबलावर ठेवून चारी कोपरे दाबून बघा. डुगडुगत असेल तर टेबल कितीही काटकोनात असलं तरी कड तिरकीच येणार.

हत्तीघर

ताई, पाचरखुंटी, दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी सगळं करून बघितलं.

मागून खाच घालायच्या परीक्षेत ब्लेड वर शिरलं आणि खाली अडकलं. गुण्या लावला तर ब्लेडच्या वरच्या टोकाशी चांगलीच फट. टेबल सरळ केलं. क्लॅम्पचंही खरं निघालं, वरच्या जबड्यात जुन्या ब्लेडचा तुटका तुकडा अडकला होता आणि नवीन ब्लेड त्यावर तिरकं बसत होतं. तुटलेल्या सोंडेला पट्टी लावली, मध्ये स्पष्ट फुगवटा आहे. ‘मधला भाग मागे राहतो’ हे वाचलं होतं, पण ते डोळ्यांनी दिसल्यावरच पटलं.

७ नंबर लावून टाकाऊ फळीत रुपयाएवढं वर्तुळ कापलं. दोन्ही बाजूंनी निघतं! लेकीने ते पंधरा वेळा आत-बाहेर केलं.

आता शेवटचा प्रश्न. पुढचं पझल कडक, गडद लाकडात करायचंय. एक वळण कापून बघितलं तर कडा काळ्या पडल्या आणि जळका वास आला. ब्लेड नवीनच होतं.

जाळीवाली

वर्तुळ दोन्ही बाजूंनी निघालं, छान वाटलं वाचून. जबड्यातल्या तुकड्याचं मला सुचलं नव्हतं, आता दर वेळी ब्लेड तुटलं की आधी तिथे बघत जाईन.

जळण्याचं म्हणाल तर वेग कमी करा. पूर्ण वेगाने कडक लाकूड कापताना ब्लेड कापण्यापेक्षा घासतंच जास्त, विशेषतः वळणावर थांबलात की. मी मध्यम वेगाच्याही खाली आणते. अर्ध्या सेकंदाचं थांबणं तसंच ठेवा, पण त्या वेळात लाकूड ब्लेडवर दाबून धरू नका, बोटं सैल सोडा. मग फळीवर चिकटवलेल्या नक्षीच्या कागदावर खोकी बंद करायची पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि तिच्यासकट कापा. फरक डोळ्याला दिसतो. कागदाखाली रंगारी वापरतात ती कागदी पट्टी लावली तर शेवटी सगळं एकदम सोलून निघतं, गोंद खरवडत बसावं लागत नाही.

ब्लेड नवीन होतं म्हणता, पण किती वेळ चालवलं तेही बघा. कडक जाड लाकडात माझं ब्लेड वीसेक मिनिटांत बोथट होतं, प्लायमधल्या गोंदाने त्याहूनही लवकर. बोथट ब्लेड तुटायची वाट बघू नका. रेटावंसं वाटायला लागलं की बदला. पहिल्या पझलमध्ये तुमच्या हाताला जे रेटावं लागलं त्यातला बराचसा भाग बोथट ब्लेडचा असणार.

काही गडद लाकडांचा भुसा फार बारीक असतो आणि काहींना त्याने शिंका, खाज सुटते. मास्क लावा, आणि कापत असताना लेकीला शेजारी बसू देऊ नका.

आणि सोंड या वेळी सगळ्यात शेवटी कापा. आधी पिल्लू, मग पाय, मग कान. फळी मोठी असते तोवर हातात धरायला जागा असते आणि नाजूक भागाला आजूबाजूच्या लाकडाचा आधार राहतो. सोंडेचं वेटोळं फळीतल्या लाकडाच्या नैसर्गिक रेषांना आडवं येत असेल तर नक्षी थोडी फिरवून चिकटवा, म्हणजे सोंडेचं लांब अंग रेषांबरोबर जाईल. मागच्या वेळी टोक तुटलं ते ठोकल्यामुळे असेल, पण माझा अंदाज आहे की रेषाही आडव्या होत्या. तो तुकडा अजून ठेवला असेल तर बघून सांगा.

हत्तीघर

ठेवलाय. रेषा आडव्याच आहेत.