मदत हवी आहे: अल्जिनेटच्या मण्यांतली चांदी पुन्हा पुन्हा वापरायची आहे, पण मणीच टिकत नाहीत

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये अडकलेय. जाणकारांनी वाट दाखवावी.

चांदीचे नॅनोकण नुसते द्रावणात टाकले तर उत्प्रेरकाचं (अभिक्रिया वेगाने घडवायचं) काम झक्कास करतात, पण नंतर बाहेर काढायचे कसे? सेंट्रिफ्यूज केलं की एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारी जाळी, कण तिच्यातच अडकून राहावेत. २ टक्के सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा, कॅल्शियमने घट्ट होणारा पदार्थ) सुईतून थेंब थेंब कॅल्शियम नायट्रेटमध्ये सोडते (क्लोराइड मुद्दाम टाळलं, सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा गाळ नको), मणी धुवून सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवते आणि मग सोडियम बोरोहायड्राइड, त्याने चांदीचे कण तयार होतात. मणी बघता बघता काळपट तपकिरी होतात.

चाचणी नेहमीचीच, बोरोहायड्राइडच्या मदतीने पिवळ्या ४-नायट्रोफिनॉलचं रंगहीन ४-अमिनोफिनॉल. पहिल्या सायकलला पिवळा रंग झरझर उतरतो. मणी गाळून, डिस्टिल्ड पाण्याने धुवून परत वापरते, तर दर वेळी ते आणखी फुगलेले. चिमट्यात धरले की पचकतात. काही तर आत अडकलेल्या हायड्रोजनमुळे वर तरंगतात. बोरोहायड्राइडमधलं सोडियम जाळी बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा घेत असेल का? बेरियम वापरू?

दुसरं म्हणजे प्रकाश-शोषणाच्या आलेखातलं ४०० नॅनोमीटरचं शिखर शेवटी शून्यावर येतच नाही. उरलेलं नायट्रोफिनॉल की सुटलेली चांदी? दोघांचं शोषण तिथेच! गाइडनी विचारलं की माझी बोलती बंद. आयसीपीची (द्रावणातली चांदी मोजणाऱ्या उपकरणाची) सोय इथे नाही.

प्रतिसाद:

सोडियमचा संशय रास्त आहे. नुसत्या पाण्याने धुऊन थांबू नका. दोन सायकलींमध्ये मणी कॅल्शियम नायट्रेटच्या विरळ द्रावणात ठेवा, जाळी पुन्हा आवळते. फॉस्फेट आणि सायट्रेट लांबच ठेवा, ते कॅल्शियम पळवतात. बेरियमची पकड जास्त घट्ट, पण ते विषारी. प्रबंधात ‘पाणी शुद्धीकरण’ लिहिणार असाल तर परीक्षक तिथेच धरतील.

४०० चा गुंता आयसीपीशिवायही बराचसा सुटेल. मणी काढून उरलेल्या द्रावणात विरळ सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला (फ्यूम हूडमध्येच, हायड्रोजन फसफसतो). नायट्रोफिनॉल असेल तर पिवळेपणा जाऊन शिखर ३१७ नॅनोमीटरच्या आसपास सरकतं. चांदी अशी उडी मारत नाही, फार तर पट्टा पसरट होतो.

आणि एकदा अर्ध्या वाटेवर मणी काढून घ्या. त्यानंतरही रंग उतरतच राहिला तर काम बाहेर सुटलेली चांदी करतेय. बिनचांदीचे मणीही लावून बघा, जेल स्वतःच थोडा रंग पितं.