मातीतून बालपुस्तकाची चित्रे: खऱ्या पानाचा ठसा घ्यावा की पान पाहून घडवावे?

प्रश्न: मी मातीत पानेफुले आणि किडेमुंग्या घडवते. आता एका बालपुस्तकासाठी पुठ्ठ्यावर मातीची उठावचित्रे करून त्यांची छायाचित्रे छापायची आहेत. साधी माती वाळताना आकसते, पातळ देठांना तडे जातात. मग कोणती माती घ्यावी? शिवाय खरे पान दाबून ठसा घेतला की शिरा हुबेहूब उमटतात, तरीही चित्रात ते पान उपरे वाटते. असे का होत असावे?

उत्तर १: प्लॅस्टिसिन घ्यावे. विल्यम हार्बट या इंग्रज कलाशिक्षकाने १८९७ मध्ये ते आपल्या विद्यार्थ्यांसाठीच तयार केले. त्यात पाणी नसल्यामुळे ते वाळत नाही, आणि छायाचित्र काढेपर्यंत चित्रात हवा तो बदल करता येतो. मूळ चित्र जपून ठेवायचे असेल, तर घरच्या ओव्हनमध्ये भाजून घट्ट होणारी पॉलिमर क्ले (प्लॅस्टिकयुक्त माती) बरी.

उत्तर २: पान उपरे वाटते ते प्रमाणामुळे. तुमची मुंगी खऱ्या मुंगीच्या कितीतरी पट मोठी असणार, आणि तिच्या शेजारच्या ठशातील शिरा मात्र मूळ मापाच्याच राहतात. ठसा घ्यायचाच असेल, तर पानाची खालची बाजू मातीवर दाबावी, कारण तिथे शिरा उठून आलेल्या असतात आणि त्यांच्या मातीत खाचा पडल्या की पानाची वरची बाजू दिसू लागते. माझा कल मात्र पान समोर ठेवून घडवण्याकडेच आहे: मधली शीर ठळक ठेवावी, बाजूच्या शिरा कडेकडे वळत जाताना बारीक होऊ द्याव्यात आणि त्यांच्यामधली जाळी बहुतेक सोडून द्यावी, म्हणजे पानाची ठेवण मुलांच्या नजरेत भरते. सोडून देण्याची ही मुभा मुंगीच्या बाबतीत नाही. तिचे सहाही पाय शरीराच्या मधल्या भागातूनच निघतात. ते पोटाला चिकटवले, तर मुले ते बरोबर हेरतात, आणि निसर्गावरच्या पुस्तकात तरी अशी चूक राहू नये असे मला मनापासून वाटते.

उत्तर ३: वरील उत्तराशी सहमत आहे. प्रकाशाची दिशाही आधीच ठरवावी, कारण उठाव दिसतो तो सावलीमुळे. दिवा वरच्या डाव्या बाजूला तिरपा ठेवावा आणि पुस्तकाच्या सर्व पानांसाठी तिथेच राहू द्यावा. उजेड खालून आला, तर उठावाचा भाग खोलगट भासू शकतो. प्लॅस्टिसिनवर येणारी चकाकी दिव्यापुढे पांढरे कापड ताणून लावल्यास बरीच कमी होते.